ओकेचा अर्थ सांगणारे चाचा

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखनही कच्चं. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

किनवटच्या वसतिगृहात माझी पोरगी तापानं पडली होती. "ताप गेला का?" असं तिथल्या बाईंना मोबाईलवर लिहून विचारलं, तर उत्तर आलं, 'ओके'. गेला की राहिला, कळेना. फोन लावायची लाज वाटली. मुदखेडला किनवटच्या रेल्वेत बसले आणि समोरच्या चाचांना अर्थ विचारला.

मेंदीनं लाल झालेली दाढी हलवत, अडकित्त्यानं सुपारी कातरत ते म्हणाले, "लई जुना शब्द हाय, बाई. लढाईत कुणी मेलं न्हाई की गोरे पाटीवर ओके लिहायचे, म्हंजी 'शून्य किल्ड', शून्य मेले."

"मेलं कशाला म्हणता, चाचा?"

"घाबरू नका. कुणी म्हणतं, एका कारकुनानं 'ऑल करेक्ट', म्हंजी सगळं बरोबर, हे 'ओल कोरेक्ट' असं चुकीचं लिहिलं, त्याचं ओके झालं."

"मग खरं कोणतं?"

"ते गोऱ्यांनाबी ठाऊक न्हाई." त्यांनी माझा फोन घेऊन बाईंना लावला. "मॅडम, ओके राहू द्या. पोरगी कशी हाय?"

सगळा डबा ऐकत होता. पलीकडचं ऐकून चाचा हसत मला म्हणाले, "ताप कालच गेला. चिंचेवर चढून बसली, उतर म्हणलं तर ऐकंना."

मी कधी नव्हे ती मोठ्यानं ओरडले, "पडंल की भवानी! गाडी कवा पोचती?"