सती, स्मृती आणि माझं ध्यान

शहाण्णव साली मावशीनं माझ्या बायोडाटात ‘आवड : ध्यानधारणा’ असं लिहून टाकलं. इगतपुरीला मी दहा दिवसांचं शिबिर केलं होतं, हे खरं. पण त्यातले बरेचसे तास मी डोळे मिटून मस्त झोपलो होतो, हे तिला कुठं माहीत? त्यामुळे मावशीबरोबर मालेगावला मुलगी बघायला गेलो तेव्हा मी जरा टरकूनच होतो. मुलगी मला फोटोतच पसंत पडली होती. प्रश्न माझा होता.

मुलीचे वडील शाळेत मराठी शिकवायचे आणि हौसेनं पाली शिकलेले. जय भीम झाला, पाणी झालं, आणि त्यांनी थेट तोंडी परीक्षाच सुरू केली.

“शिबिर केलंय म्हणता. मग सांगा, अष्टांगिक मार्गात ‘सम्मा सती’ येते, त्यातली सती म्हणजे काय?”

“सती म्हणजे... नवरा वारल्यावर...” मी बोलून गेलो. पोहे घेऊन येणारी मुलगी दारातच थांबली.

“ती निराळी,” सर शांतपणे म्हणाले. “ही पालीतली. संस्कृतात स्मृती. मूळ अर्थ आठवण. समोर चाललंय ते निसटू न देता मनात धरायचं, ती सती.”

“म्हणजे आपलं ध्यानात ठेवणं,” मी घाईनं म्हणालो.

सर खूश झाले. “वा. आठवण आणि लक्ष, दोन्ही आलं त्यात.”

मी ताठ बसलो.

“ध्यानाचा अजून एक अर्थ आहे ना, आप्पा?” बशी पुढे करत मुलगी म्हणाली. तिची नजर माझ्या शर्टावर होती. मी खाली पाहिलं. गुंड्या एक घर चुकवून लावलेल्या. नाशिकपासून एसटीतून मी तसाच आलो होतो.

सर तोही अर्थ समजावू लागले. “मूर्तीचं जे रूप मनापुढं आणायचं ते ध्यान. पुढं कुणाचंही रूप. मग लोक एखाद्याला बघून म्हणायला लागले, काय हे ध्यान...” इथं ते माझ्याकडे बघून थांबले.

“आज गडबडीत निघाला हो,” मावशी मधे पडली. “एरवी लय टापटीप असतो.”

मुलीनं मलाच विचारलं, “खरंच?”

मावशीनं माझा पाय दाबला.

“नाही,” मी म्हणालो. “नेहमी असाच असतो. शिबिरातही झोपलो होतो.”

मुलगी आत गेली, पाठोपाठ सर. आत बराच वेळ कुजबुज आणि मग कुणाचं तरी हसू. मावशीनं पिशवी आवरायला घेतली.

सर बाहेर आले. “मुलगी हो म्हणते,” ते म्हणाले. “तेवढ्या गुंड्या नीट लावा. पेढे घ्यायला शेजारी येतील.”