सखूबाई, मुक्काम उटनूर

मैत्रिणींनो, आपण आळीपाळीने लिहितो ती आपली फिरती वही काल माझ्याकडे आली आणि आज लिहिण्यासारखं घडलं.

आपल्या संस्थानात सरकारी शाळेत सगळं उर्दूतून, म्हणून दुपारी माझ्या ओसरीवर पाच-सहा बायका मराठी लिहायला शिकतात. आज पत्राचा नमुना दिला. नाव-पत्ता मनानेच रचला: सखूबाई, मुक्काम उटनूर. मजकूरही फळ्यावर लिहिला, ‘आम्ही सर्व खुशाल आहोत.’

साऱ्यांनी तो उतरवला. एकजण मात्र लिहीतच होती. तिला इथे चंद्री म्हणते. खरं नाव माझ्यापाशीच राहू द्या. शेजारणीने टोकलं, "काय व, येवढं काय लिवून राह्यली? सखूबाई लुगडं धाडनार हाय काय?"

सगळ्या गेल्यावर मी चंद्रीचा कागद वाचला. ‘सखूबाई, मी खुशाल नाही. माझ्या आईला कळवू नको.’

"असं का गं लिहिलंस?"

"खऱ्या माणसाले लिवलं असतं तं गावभर झालं असतं, बाई. सखूबाई कोनाले सांगनार?"

उंबऱ्यात ती थांबली. "अशा पत्राले उत्तर येत असते काय?"

मला ‘नाही’ म्हणवलं नाही. इतकी वर्षं मी सगळ्यांना ‘खुशाल’च उतरवायला देत आले.

वही आता उटनूरला जाईल. तिथल्या मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कोणी सखूबाई होईल का? चार ओळी पुरेत. पत्र माझ्या पत्त्यावर पाठवा. चंद्रीच्या घरी आलेलं पत्र आधी सासऱ्यांच्या हाती पडतं.