पातेल्यातला बाळकृष्ण

खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझा देवावर विश्वास कमी आणि राग जास्त होता. माझी ताई सीरियात असते. पुण्यात कॉलेजात बरोबर शिकणाऱ्या सीरियन मुलाशी तिनं लग्न केलं आणि तिकडचीच झाली. भूकंपात तिचं घर पडलं, भावोजींचा पाय मोडला, आणि ऐन थंडीत दोघं शाळेच्या पटांगणात तंबूत येऊन राहिले. ऑपरेशनला पैसे हवे होते. आणि मी कुठे, तर कुवेतमध्ये, पैसे पाठवणाऱ्या कंपनीतच! पण काय उपयोग? निर्बंध असलेल्या देशांकडे जाणारे पैसे अडवायचे, हीच माझी नोकरी. सख्ख्या बहिणीचे पैसेही मलाच अडवावे लागले.

घरी येऊन पाहतो तो हिनं बाळकृष्णाला देव्हाऱ्यातून उचलून पातेल्यात बसवलेलं, गळ्यापर्यंत पाण्यात. "अहो, देव पाण्यात ठेवलेत. ताईंना पैसे पोचेपर्यंत बाहेर काढायचे नाहीत."

"अगं, केवढं गार पाणी आहे!"

"मग ताई कुठे उबेत बसल्यात? कळू दे की त्यालाही."

लोणीसाखरही बंद. इथेच वाढलेल्या आमच्या लेकीनं पातेल्यात डोकावून विचारलं, "बाबा, इज ही पनिश्ड?" काय सांगणार कप्पाळ!

मदतीपुरते निर्बंध सैल झाले, नातेवाइकांना पैसे पाठवता येतील, असं बातम्यांत कानावर आलं. पण हेड ऑफिसचा निरोप आल्याशिवाय मला बोट हलवता येईना. मी रोज मेल उघडायचो, निरोप नाही. मनातल्या मनात देवाला शिव्यांची लाखोली वाहायचो. आणि एक दिवस इथल्याच जाब्रिया भागातल्या दवाखान्यातली एक सीरियन दातांची डॉक्टरीण काउंटरवर येऊन कडाडली. तुमच्याच दुसऱ्या शाखेतून माझ्या मैत्रिणीचे पैसे गेले, मग माझ्या आईचे का नाही? मी ऐटीत म्हटलं, आम्हाला आदेश नाही. ती म्हणाली, नीट बघा.

नीट बघितलं. सिस्टीमच्या रोजच्या कटकटीला वैतागून मीच अशी सोय करून ठेवली होती की, सीरियाचं नाव असलेली प्रत्येक मेल परस्पर 'नामंजूर' फोल्डरमध्ये जावी. निर्बंध सैल झाल्याचा निरोप तिथंच निवांत पडला होता, आणि मी मात्र देवाला पाण्यात बुडवून बसलो होतो! मी आ वासून बघतच राहिलो. डॉक्टरीणबाई वाकून म्हणाल्या, "तोंड मिटा. उजवीकडची दाढ किडलीय."

मग मी त्यांना ताईबद्दल सांगितलं. त्या बाजूला सरकल्या. "आधी बहिणीचे पाठवा, मी थांबते." मला एकदम भरून आलं. ही बाई कोण, कुठली, पण त्या दिवशी माझ्यासाठी तीच धावून आली.

हिला फोन केला, "काढ त्याला बाहेर." तर ही माझ्यापेक्षा कडक. "ताईंना मिळाल्याचं कळू दे, मग बघू."

संध्याकाळी ताईचा फोन आला. पैसे मिळाले होते, ऑपरेशनचं ठरलं होतं. मी पातेल्याची हकीकत सांगितली. लहानपणी या बाळकृष्णाला रोज ताईच अंघोळ घालायची. ती आधी हसली, मग ओरडलीच, "अरे मेल्यांनो, पुसा आधी त्याला! गारठला असेल माझा बाळ!"

स्वतः तंबूत कुडकुडत होती ती. मी बाळकृष्णाला टॉवेलात गुंडाळून कितीतरी वेळ छातीशी धरून बसलो. आता मी देवाला वाट उघडायला सांगत नाही. सकाळी हात जोडतो, आणि ऑफिसात गेलो की आधी 'नामंजूर' उघडून बघतो.