आबांशी लढाई

माझ्या तोंडाला कुलूप लागत नाही, हे माहेरच्या खापर गावापासून सासरकडच्या शहाद्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तरी एका माणसाशी मी लग्न झाल्यापासून सरळ एक शब्द बोलले नव्हते. ते म्हणजे माझे सासरे, आबा. भांडण नव्हतं हो, रीतच तशी. आमच्या गावात सून सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, आणि बोलायचं तर मधे कुणीतरी लागतं. सासूबाई होत्या तोवर त्या होत्या. त्या गेल्यावर माझी मुलगी. मुलगी शाळेत गेली की मांजर. "मांजरे, चहा गार होतोय," असं मी म्हणायचे आणि बाहेर खाटेवरून कप उचलल्याचा आवाज यायचा. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, आमच्याकडे मांजरी बोले आणि सासऱ्याला लागे.

मग आबांना लकवा झाला. जीव वाचला, पाय सावरला, तोंडही सरळ झालं, पण डावा हात तसाच लटकत राहिला. माझे यजमान सुरतेला कापड बाजारात कामाला. ते आले, रजा संपेपर्यंत राहिले, रोज सकाळी बापाच्या शर्टाची बटनं लावून दिली आणि परत गेले. त्यानंतर आबांनी शर्ट घालणंच सोडलं. एका हातानं बटनं लागेनात. सुनेनं सासऱ्याच्या शर्टाला हात लावायचा प्रश्नच नव्हता. नात लावून देते म्हणाली, तर मी काय बाळ आहे का म्हणून आबा तिच्यावर खेकसले. टी-शर्ट आणला, तो पोरासोरांचा कपडा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, दुसरं काय.

दिवसभर बनियनवर घरात बसून राहायचे. डेअरीसमोरच्या ओट्यावर जाणं बंद झालं, आणि तिथेच तर त्यांचा सगळा जीव होता. त्या ओट्यावर गावातली म्हातारी माणसं बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करतात. कुणाची चाल, कुणाचं पोट, कुणाची नवी गाडी, काहीच सुटत नाही. आणि या टिंगलखोरांचे म्होरके आमचे आबा. गावातल्या एका माणसाला आधी लकवा झाला होता. तो पाय ओढत डेअरीत दूध घालायला यायचा, तेव्हा आबा त्याच्या मागे तसंच चालून दाखवायचे आणि सगळा ओटा हसायचा. आता आपण बिनबटनाचे, हात लोंबकळत तिथे गेलो तर काय होईल, हे आबांइतकं कुणालाच कळत नव्हतं. मला त्यांचा राग यायचा आणि पोटात तुटायचंही.

शहाद्याच्या फिजिओवाल्या मॅडम म्हणाल्या होत्या, हातात जीव आहे, हात रुसलाय फक्त. त्याला रोज उचलायला लावा, नाहीतर असाच रुसून बसेल. पण आबा व्यायाम करायचे नाहीत. रबरी चेंडू दिला, तो खाटेखाली गेला.

दिवाळीला यजमानांनी मुलीसाठी सुरतेहून एक जुनं खेळाचं मशीन आणलं. मालकाच्या मुलानं नवीन घेतलं म्हणून त्यानं हे देऊन टाकलं होतं. माझी मुलगी त्या जपानी कार्टूनची वेडी. त्यातले लढवय्ये, उभे केस, अंगात वारं आल्यासारखे ओरडतात आणि हातातून उजेड फेकतात. त्याच कार्टूनचा हा खेळ. हातात काही धरायचं नाही. टीव्हीखाली एक काळी पट्टी, तिला डोळा. आपण तिच्यासमोर उभं राहून जे करू तेच टीव्हीतला लढवय्या करतो. आपण बुक्का मारला की तो मारतो, आपण वाकलो की तो वाकतो. मुलगी हवेत बुक्के मारायला लागली आणि आबा खाटेवरून हसले. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मी भाकरी थापता थापता बघत होते. या खेळात सगळ्यात मोठा वार म्हणजे दोन्ही हात कमरेशी आणून ओंजळ करायची, थोडा दम धरायचा आणि ओंजळ जोरात पुढे ढकलायची. मग निळा उजेड सुटतो. अगं बाई, मी म्हटलं, हा तर मॅडमनी सांगितलेला व्यायाम! अगदी तोच. ओंजळ कमरेशी, ओंजळ पुढे. माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, खेळू द्या की, पण सावकाश खेळणारं कुणीतरी समोर हवं. मुलगी सावकाश खेळणारी नव्हे, एकदा आजोबांना समोर उभं केलं तर तिनं त्यांना एका मिनिटात लोळवलं होतं. शिवाय सकाळी ती शाळेला जाते आणि संध्याकाळी लाईटचा भरवसा नाही. म्हणजे उरले मी. मांजरीला सांगितलं, मांजरे, उद्यापासून सकाळी खेळायचं आहे म्हणे. सकाळी आबा टीव्हीसमोर उभे होते. बनियन, पायजमा, डोक्यावर मात्र टोपी.

मी डोक्यावरून पदर घेऊन, तो छातीपर्यंत ओढून त्यांच्या शेजारी चार हात सोडून उभी राहिले. टीव्हीच्या कोपऱ्यात आपली सावली दिसते. आबांची सावली दिसली, टोपीसकट. माझ्या जागी ज्वारीचं पोतं उभं असावं असं काहीतरी दिसत होतं. मशीन म्हणे, खेळाडू सापडत नाही. मी पुढे सरकले, मागे सरकले. त्या मेल्या डोळ्याला माझे खांदेच सापडेनात. पदर ढळू दिला असता तर काम झालं असतं, पण माझा हात काही तिकडे जाईना. बोलायला मी वाघीण, पण रीत मोडायची वेळ आली की शेळी.

मग आठवलं. केळीत, कापसात जाताना आम्ही बाया साडीवर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट चढवतो आणि डोक्याला रुमाल बांधतो. पदर शर्टात, डोकं झाकलेलं, हात मोकळे. असं तर मी आबांसमोरून रोज शेतात जात होते! खुंटीवरचा शर्ट घातला, बटनं लावली, रुमाल आवळला आणि पुन्हा उभी राहिले. मशीननं लगेच ओळखलं.

आता लढाई. सुरू करताना माझ्याकडून सवयीनं व्हायचं तेच झालं. मोठ्या माणसाबरोबर काही सुरू करायचं तर आधी पाया पडायचं, म्हणून मी त्यांच्याकडे वळून वाकले. मशीनला वाटलं, ही खाली बसून लाथ मारतेय. माझ्या उभ्या केसांच्या लढवय्यानं आबांच्या लढवय्याला अशी लाथ घातली की तो उताणा. मी रडकुंडीला आले. आबांचे ओठ हलले, पण हसू त्यांनी आवरलं.

त्यानंतर दोघांनीही हात उचलला नाही. मी सासऱ्याला मारणार नाही, ते सुनेला मारणार नाहीत. टीव्हीत दोन महाभयंकर वीर समोरासमोर पाव्हण्यांसारखे उभे. वेळ संपली. बरोबरी. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बरोबरी. शेवटी आबा मांजरीकडे बघून म्हणाले, "घरनी लक्ष्मीवर हात उचलाना नही."

आता काय सांगू. त्यांनी मला लक्ष्मी म्हटलं याचं बरं वाटायला हवं होतं, पण माझं डोकंच फिरलं. मी मांजरीला म्हटलं, "मांजरे, सांग त्यांना, नका उचलू हात. बसा आयुष्यभर बनियनवर." बोलून गेले आणि जीभ चावली. आबा खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. दुपारी जेवलेही नाहीत. ते ताट मी तसंच उचललं आणि मोरीत उभी राहून रडले.

रविवारी मुलगी घरी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि आम्ही दोघंही अडाणी असल्याचं जाहीर केलं. या खेळात एकमेकांशीच लढावं लागतं असं कुणी सांगितलं? दोघं मिळून राक्षसाशीही लढता येतं. तिनं ते लावून दिलं आणि आजोबांचा उजवा हात धरून त्यांना खाटेवरून उठवलं. मी शर्ट-रुमाल घालून आले. माझ्याकडे बघितलंही नाही त्यांनी.

राक्षस असला मोठा की टीव्हीत मावेना. आबा नुसतेच उभे होते, उजव्या हातानं अधूनमधून एखादा बुक्का मारत. मी आपली जीव खाऊन लढत होते, पण मला काही येत नव्हतं. हात एकीकडे, पाय दुसरीकडे. राक्षसानं मला धरलं, आपटलं, उचललं, पुन्हा आपटलं. मुलगी ओरडत होती, आई ऊठ, ऊठ. मला कसं उठायचं तेच कळेना, मी उभ्या जागी नुसते हात झाडत होते. माझ्या लढवय्याची जीवाची पट्टी संपत आली.

"हट बाजूले!" शेजारून आवाज आला. "मन्ही पोर शे ती!"

मी वळून पाहिलं. आबांचे दोन्ही हात कमरेशी होते. दोन्ही. डावा थरथरत होता, पंजा वाकडा, बोटं मिटलेली, पण उजव्याच्या शेजारी आपल्या बळावर आलेला. त्यांनी दम धरला आणि दोन्ही हात पुढे ढकलले. डावा अर्ध्यातच पडला. टीव्हीत कसाबसा उजेड सुटला, राक्षस जरासा मागे सरकला आणि पुढच्या फटक्यात त्यानं आम्हा दोघांना संपवलं. मुलीनं कपाळावर हात मारला.

"आबा, हात," मी म्हटलं.

मांजर घरात नव्हतीच. मी सरळ त्यांच्याकडे बघून बोलले होते. आबा स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होते, शेजाऱ्याचं वासरू आपल्या गोठ्यात आलेलं बघावं तसे. आम्ही हरलोय हे त्यांना कळलंच नव्हतं. आणि मला राहून राहून तेच ऐकू येत होतं, मन्ही पोर, माझी पोर. माझे वडील मी लहान असताना गेले. मला पोर म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं.

त्यानंतर रोज सकाळी शर्ट, रुमाल आणि राक्षस. आबांनी शेवटपर्यंत माझ्यावर हात उचलला नाही, पण मला कुणी मारलं की त्यांचा डावा हात यायचाच. हळूहळू वर यायला लागला. मी कधीकधी मुद्दाम मार खायचे. कळत असणार त्यांना. बोटं मात्र फार हट्टी. कप धरायला लागली तोवर केळीचे घड काढणीला आले होते. मॅडम म्हणाल्या, आता बारीक काम द्या हाताला.

एकदा शेतात निघताना खुंटीवरचा माझा शर्ट घ्यायला गेले तर त्याची बटनं लावलेली. मी तर नेहमी उघडा टांगते. वरचं बटन खालच्या काजात, सगळा शर्ट तिरपा. मी मुलीला विचारणार होते, तेवढ्यात खाटेवर आबा फार मन लावून छताकडे बघताना दिसले. मी शर्ट उघडून घातला आणि निघाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बटनं लावलेली. मी रोज उघडायचे, ते रोज लावायचे.

आणि मग त्या सकाळी ते आतल्या खोलीतून बाहेर आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा, कधीपासून पेटीत पडलेला. टोपी. पायात चपला. कपाळावर घाम होता, कितीतरी वेळ आत झगडत असणार. दारापर्यंत गेले, थांबले, मागे आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. नजर खाली, नव्या नवरीची असते तशी.

"बराबर शेतस का वं, पोरी?"

बटनं बरोबर लागलीत का, विचारत होते. एक काज चुकलं होतं. कॉलर एकीकडे वर गेलेली, खाली एक बटन उरलेलं, एक बाजू लोंबत होती. ओटा डोळ्यांसमोर आला, ती सगळी टपून बसलेली म्हातारी तोंडं. चुकलंय म्हटलं असतं तर ते परत आत गेले असते, आणि आज गेले असते तर पुन्हा कधी बाहेर आले असते कोण जाणे. मी लावून द्यावं? पण मग ती त्यांची बटनं राहिली नसती.

"बराबर शेतस, आबा," मी म्हटलं.

ते गेले. मी दिवसभर कशातच नव्हते. भाजी करपली, मुलीवर उगाच ओरडले, चार वेळा दारात जाऊन आले. हसले असतील तर, हा एकच घोर. मी 'पोरी' ऐकून घेतलं आणि म्हाताऱ्या माणसाला तसं तिरपं धाडून दिलं, असं स्वतःलाच बोलत होते.

दिवे लागायच्या सुमाराला आबा आले. शर्ट तसाच, सकाळी होता तितकाच तिरपा. म्हणजे दिवसभरात त्या सगळ्या ओट्यावर एकही माणूस त्या बटनांवरून बोलला नव्हता. त्यांना फाटकापर्यंत सोडायला तो पाय ओढत चालणारा माणूस आला होता. तो जरा थांबला. त्याची नजर त्या उरलेल्या बटनावर गेली, मग माझ्यावर आली. मी पदर पुढे ओढला. त्यानं आबांना उद्या लवकर ये म्हणून सांगितलं आणि पाय ओढत निघून गेला.