बोटीच्या यादीतला सावळा राणू

रंभाजी भिंगारदिवे यांच्या वडिलांना जाऊन चोपन्न वर्षं झाली. त्यांचा एकही फोटो घरात नाही. ते कसे दिसत होते हे सरकारी कागदावर लिहिलेलं सापडलं, तेव्हा रंभाजी सत्तर वर्षांचे होते. कागद सापडला त्या दिवशी ते हसले होते. पण कागदाचा शेवटचा रकाना त्यांनी तोवर वाचला नव्हता.

भिंगारच्या जुन्या बाजारात रंभाजींनी चव्वेचाळीस वर्षं फौजी वर्द्या शिवल्या. मोतीबिंदू झाल्यावर मशीन झाकून ठेवली. मुलगा योगेश टेम्पो चालवतो. शुक्रवारी घोडेगावच्या बाजाराला जनावरं, इतर दिवशी मिळेल ते भाडं. योगेशची मुलगी सृष्टी यंदा बारावी झाली आणि सरकारी कॉलेजात बी.फार्म.ला तिचा नंबर लागला, अनुसूचित जातीच्या जागेवर. जागा पक्की व्हायला जात पडताळणीचं प्रमाणपत्र हवं होतं. ते घरात कुणाकडेच नव्हतं, कारण कुणाला कधी लागलंच नव्हतं.

प्रमाणपत्रासाठी १९५० च्या आधीचा, जात लिहिलेला कागद मागतात. रंभाजींचा जन्म १९५५ चा. १९६१ साली वडिलांनी, सावळारामांनी, त्यांना शाळेत घातलं. मास्तर रजिस्टरात 'महार' लिहायला लागले, तर सावळारामांनी त्यांचा टाक धरला. "बौद्ध लिवा. त्याच्या म्होरं-मागं काय नको." मास्तरांनी तसं लिहिलं. आळीतले लोक ही गोष्ट अजून कौतुकाने सांगतात. सृष्टीच्या अर्जाला मात्र त्या कौतुकाचा उपयोग नव्हता. सावळाराम स्वतः शाळेत गेले नव्हते. त्यांना भाऊ नव्हता, बहीण नव्हती. मूळ गावच्या जन्ममृत्यूच्या रजिस्टरातली त्यांच्या जन्माच्या वर्षाची पानं वाळवीने खाल्ली होती.

तेव्हा गनीभाईंनी आबादानचं काढलं.

गनीभाई शेख रंभाजींचे लहानपणचे दोस्त. लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर होते. निवृत्तीनंतर त्यांना एकच नाद लागला होता. त्यांचे आजोबा इराणमधल्या आबादानला तेलाच्या कारखान्यात फिटर म्हणून गेले होते. तसे नगर जिल्ह्यातून बरेच जण गेले. मुंबईहून बोटीत चढताना प्रत्येकाचा करारनामा व्हायचा आणि प्रवाशांच्या यादीत नोंद व्हायची. परदेशातल्या एका दप्तरखान्याने त्या याद्यांचे फोटो काढून इंटरनेटवर टाकलेत. गनीभाईंनी त्यात आजोबा शोधले, पानाची मोठी प्रत काढली आणि बैठकीत फ्रेम करून लावली.

"तुझा बाप बी आबादानचाच गडी ना रे?" गनीभाई म्हणाले. "ये, बघ. नाव, बापाचं नाव, गाव, जात. जातीचा रकानाच आहे, मियाँ! आमच्या आजोबांपुढं बघ, मुसलमान शेख."

रंभाजींनी त्या रकान्यावर बोट ठेवलं. दुसऱ्याच दिवशी पडताळणी समितीपुढे तारीख होती. तिथे त्यांनी कुणी विचारलं नसताना सांगून टाकलं, "साहेब, माझ्या बापाची जात बोटीच्या यादीत हाय. मी आनतो." साहेबांनी ते लिहून घेतलं आणि पंधरा दिवसांची मुदत दिली.

शोधायचं काम सोपं नव्हतं. यादीत आडनावं नाहीत. नावं इंग्रजीत, लिहिणाऱ्या कारकुनाच्या कानाला जशी लागली तशी. कॉम्प्युटरवर नाव टाकून काही निघत नाही, एकेक पान उलटावं लागतं. पण सावळारामांनी परत आणलेल्या पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात एक आकडा होता, ४४१७. घरात सगळ्यांना तो ट्रंकेचा नंबर वाटायचा. गनीभाईंनी बघताक्षणी ओळखलं की तो कराराचा नंबर आहे. त्यांच्या आजोबांचा होता ३९०२. म्हणजे हा माणूस नंतरच्या बोटीने गेला.

नवव्या दिवशी पान सापडलं. ऑक्टोबर १९३७. गनीभाई वाचत गेले. "सावळा राणू. वय पंचवीस. उंची पाच फूट चार इंच. डाव्या भुवईवर वण. तालुका नेवासा."

"वण बरोबर हाय," रंभाजी म्हणाले. "बैलानं शिंग मारलेलं." आणि ते हसले. वडील पंचवीस वर्षांचे असू शकतात हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"काम, पाणक्या. हिंदू मेस." गनीभाई थांबले. चष्मा काढून पुसला, परत लावला. "जात... मराठा."

"पुन्यांदा वाच."

"तीनदा वाचलं, रंभाजी."

हिंदू कामगारांचं जेवण वेगळं शिजायचं आणि तिथे पाणी भरायला माणूस लागायचा. १९३७ साली त्या कामावर महार घेतला नसता. पंचवीस वर्षांच्या सावळाने मुंबईच्या धक्क्यावर टेबलासमोर उभं राहून जात बदलून सांगितली होती आणि पुढे दहा वर्षं तो ती धरून राहिला होता. ज्यांचं पाणी भरत होता त्यांना कळतं तर काय झालं असतं, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

वडील आबादानचं कधीच काही बोलले नाहीत. त्यांची एक खोड मात्र रंभाजींना आठवली. घरी आलेल्या माणसाला ते स्वतःच्या हाताने पाणी देत नसत. "तांब्या हाय, घ्या," म्हणत. लोकांना तो माणूस तुसडा वाटायचा. रंभाजींनाही वाटायचा.

संध्याकाळी घरात चौघे बसले. सृष्टी म्हणाली, "आबा, जे खरं आहे ते सांगा ना. पाणी भरायला म्हणून त्यांनी तसं लिहवलं, हे साहेबांना कळणार नाही का?"

"कळंल की. पन कशाच्या आधारावर?" योगेश म्हणाला.

"पुरावा असता तर त्याला बोटीवर चढू दिला असता का, बेटी?" गनीभाई म्हणाले.

योगेशने एका वकिलाला विचारून ठेवलं होतं. हा कागद पुढे केला तर दावा तिथेच मोडेल, असं वकील म्हणाला होता. कागद सापडलाच नाही असं म्हटलं तर निदान फाईल चालू राहील.

"दादा, तो आपला सावळा न्हाई म्हना," योगेश वडिलांना म्हणाला. "सावळे काय कमी हुते का त्या वक्ताला?"

"माझा बाप हाय तो."

"मला म्हाईत हाय. साहेबाला म्हाईत असायची गरज न्हाई."

आपल्या आजोबांचं पान रंभाजींना दाखवून ही आशा गनीभाईंनीच लावली होती. त्यांनी आपला चहा तसाच ठेवला आणि घरी निघून गेले.

तारखेच्या दिवशी रंभाजी धुतलेला सदरा घालून नगरला गेले. कागदाची प्रत पिशवीत होती. का घेतली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सृष्टी शेजारी बसली होती. साहेबांनी फाईल उघडली.

"आजोबा, बोटीची यादी आणणार होतात."

रंभाजींनी सृष्टीकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

"शोधली, साहेब. त्यात आमचा मानूस न्हाई."

"नीट शोधलीत?"

"शोधली."

टेबलाशेजारच्या बाईंनी जबाब टाइप केला आणि मोठ्याने वाचून दाखवला. 'माझे वडील सावळाराम राणू भिंगारदिवे सदर यादीत आढळून आले नाहीत. ते कामानिमित्त परदेशी गेल्याचे मी पूर्वी ऐकीव माहितीवरून सांगितले होते, ते बरोबर नाही.' रंभाजींनी सही केली.

साहेब वाईट वागले नाहीत. पाणी विचारलं. म्हणाले, "मग आजोबा, माझ्यापुढे पन्नासच्या आधीचं काहीच उरत नाही. मी चौकशीला पाठवतो. घरी माणूस येईल. दोन महिने धरा."

"कॉलेजची तारीख मंगळवारची हाय, साहेब."

"ते माझ्या हातात नाही."

मंगळवारी पाच वाजता जागा गेली. सृष्टीने रात्री जेवताना सांगितलं की, ती पुढच्या वर्षी परत सीईटी देणार आहे, आणि भाजी वाढून घेतली. तोवर प्रमाणपत्र यायला हवं, एवढंच ती म्हणाली.

चौकशीचा माणूस दोन नाही, तीन महिन्यांनी आला. तरुण पोलीस, नम्र. आळीत चार घरी विचारून मग रंभाजींकडे बसला. गनीभाईही तिथेच होते.

"काका, लोक सांगतात तुमचे वडील इराणला होते. बरीच वर्षं."

रंभाजींनी गनीभाईंकडे पाहिलं नाही. जबाबावर आधीच सही होती. आता हो म्हटलं तर तो जबाब खोटा ठरत होता, आणि जबाब खोटा ठरला तर मुलीचं पुढचं वर्षही जात होतं.

"लोक काय बी बोलत्यात," ते म्हणाले. "माझा बाप हितंच हुता. भिंगारच्या बाहीर गेला न्हाई कधी."

"हे काका तुमचे दोस्त ना? तुम्हाला काय माहीत?" पोलिसाने गनीभाईंना विचारलं.

गनीभाईंनी आबादानच्या बोटींची नावं, तारखा, तिथल्या बराकींचे नकाशे वर्षभर भेटेल त्याला सांगितले होते.

"इथंच होते," गनीभाई म्हणाले. "मी लहानपणापासून बघतो ना. इथंच."

पोलिसाने ते लिहून घेतलं, दोघांच्या सह्या घेतल्या आणि विचारलं, "बरं, शेजारी अजून कोण म्हातारं माणूस आहे?"

अहवाल अजून यायचा आहे.