धोंडुबाईचा रंग

मलकापुरात कृष्णाताला आजही सगळे पेंटर म्हणतात आणि तो आजही त्यावर वैतागतो. ब्रश हातात धरून त्याला वर्षं लोटली होती. फ्लेक्स आले आणि बोर्ड रंगवायचं काम बसलं. आता तो एका फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरसमोर बसून वाढदिवसाचे बॅनर जुळवतो. एकेका बॅनरवर ढीगभर तोंडं, सगळी गोरीगोमटी. ‘साहेबांना जरा उजळ करा’ हे ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते.

म्हणून तर त्याला धोंडुबाई हवी होती. कराडहून निघणाऱ्या एका दैनिकात दर रविवारी त्यानं काढलेली तिची तीन चौकोनांची चित्रपट्टी यायची. धोंडुबाई ही गावातली म्हातारी. सरपंचापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत कुणाचीही भीडभाड न ठेवणारी. नाव मनातलं असलं तरी नाक, जीभ आणि रंग कृष्णाताच्या आईचा, मनुबाईचा होता. मनुबाई काळी. सावळी-बिवळी नव्हे, चांगली काळी. लग्नात सासरच्यांनी नाकं मुरडली आणि पुढं थोरल्या जावेनं जन्मभर टोमणे मारले. कृष्णात ते ऐकतच मोठा झाला. घरातल्या एकाही जुन्या फोटोत तिचं तोंड धड उमटलेलं नव्हतं. आपल्या चित्रात तरी आई जशी आहे तशी दिसावी, एवढाच त्याचा हट्ट होता.

पण वर्तमानपत्राच्या कागदाला कुणाच्या हट्टाचं काय? कृष्णात चेहऱ्यात करडा रंग भरायचा. गालावर हलकी छटा, कपाळावर बारीक सुरकुत्या. कॉम्प्युटरवर आई हुबेहूब दिसायची. रविवारी पेपर उघडला की तिथं नुसता डाग! कागदानं शाई प्यायलेली, करड्याचं काळं झालेलं, डोळे बुजलेले. त्यात चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून धाडलेलं, म्हणजे अक्षरंही पुसट. ऐनवेळी कुणाच्या वाढदिवसाची जाहिरात आली की पट्टी आणखी आखडायची. वाढदिवस तर त्याची पाठच सोडत नव्हते.

एका रविवारी मनुबाईनं पेपर जवळ धरला, मग लांब धरला.

“तव्याचं बूड छापलंय व्हय रं?” असं म्हणून ती भाकरी थापायला गेली.

कृष्णातानं तिरीमिरीत संपादकांना, नानासोंना, फोन लावला. “आवं नानासो, तोंड कुठं हाय तिचं?”

“तेच मी तुला इचारतोय, गड्या. लोक म्हंत्यात ह्यो डाग कसला? फुडल्या रविवारी असंच झालं तर पट्टी बंद. तितं राशिभविष्य टाकतो. ते तरी वाचत्यात लोक.”

कृष्णातानं करडा रंग फिका केला आणि या वेळी फोटो न धाडता फाईल धाडली. रविवारी चित्र अगदी स्वच्छ आलं. एकेक रेघ मोजून घ्यावी असं. फक्त चेहऱ्यातला रंग कुणीतरी पुरता काढून टाकला होता. धोंडुबाई दुधासारखी पांढरी झाली होती.

“झकास!” नानासो फोनवर खूश होते. “रंग मीच काढाय लावला. आता असंच देत जा.”

मनुबाईनं मात्र कपाळाला आठ्या घातल्या. “ही कोन बाई?”

“तूच की, आये.”

“मी न्हवं ही. ही थोरल्या जाऊबाईवानी दिसतीया.”

कृष्णाताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिनं आईला आयुष्यभर काळी म्हणून हिणवलं, तिचंच तोंड त्याच्या चित्रात आईच्या अंगावर बसलं होतं. आठवडाभर दुकानात साहेबांना उजळ करताना तो माऊस आपटत होता.

एका संध्याकाळी तो त्याच रागात सायकल दामटत घरी निघाला होता. वाटेत पिठाची गिरणी लागली. दारावरचा बोर्ड त्यानंच कधीकाळी रंगवलेला. काळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. पत्रा गंजला, कड फाटली, तरी अक्षरं रस्त्याच्या पार पलीकडून वाचता येत होती. कृष्णातानं ब्रेक दाबला. त्या बोर्डात करडा रंग कुठंच नव्हता. आणि काळ्यावर पांढरं अक्षर काढायचं तर ते जाडच काढावं लागतं, नाहीतर काळा रंग त्याला खातो, हे तर त्याच्या हातालाच ठाऊक होतं. इतके दिवस तो हे विसरून कॉम्प्युटरशी झगडत बसला होता. स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावीशी वाटली त्याला.

घरी जाऊन त्यानं ब्रश शोधला. चेहरा ठार काळा केला. डोळे, नाक, ओठ जाड पांढऱ्या रेघांनी काढले. सुरकुत्या मोजक्याच ठेवल्या. मागचं घर, झाड, कोंबड्या सगळं उडवलं. धोंडुबाईचं लांबलचक बोलणं चौकोनाला एका ओळीवर आणताना त्याच्या जिवावर आलं, पण छाटलं. दुसऱ्या दिवशी दुकानात चित्र स्कॅन करून फाईल धाडली.

“परत काळी?” नानासो फोनवर ओरडले. “डाग पडला तर पट्टी बंद. मागनं बोलू नगंस.”

“छापा तुमी,” कृष्णात म्हणाला.

रविवारी तो सकाळीच स्टँडवर गेला आणि तिथंच उभ्या उभ्या पेपर उघडला. धोंडुबाई त्याच्याकडं डोळे वटारून बघत होती. डोळे, नाक, ओठ सगळं जागच्या जागी होतं.

घरी मनुबाईनं पेपर लांब धरला. मग चित्रातल्या नाकावर बोट ठेवून म्हणाली, “हे माझं नाक हाय की रं!”

तेवढ्यात नानासोंचा फोन आला. कृष्णातानं स्पीकर लावला.

“गड्या, लय फोन याय लागल्यात! फुडल्या रविवारी रंगीत पानावर घेतो तुला. रंग भरून दे. फकस्त त्या म्हातारीला जरा उजळ कर बघ. रंगीत पानावर काळं बरं दिसत न्हाई.”

कृष्णाताच्या डोक्यात तिडीक गेली. एवढा आटापिटा करून गाडी पुन्हा तिथंच आली होती. मनुबाईनं त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

“आवं सायेब,” ती म्हणाली, “हाय त्या पानावर हाय तशीच ऱ्हाऊ द्या मला. उभ्या जल्मात आत्ता कुटं दिसाय लागलीया मी.”