काकांचा अंगठा

पाया पडताना कपाळ पावलांना टेकलंच पाहिजे, असा आमच्या काकांचा हट्ट होता. त्या दिवाळीत मात्र मी वाकताच ते ओरडले, “लांबूनच कर गं!”

काकू हरखून म्हणाल्या, “लय सुधारलेत की तुझे काका!”

मग माझं लक्ष त्यांच्या पायाच्या अंगठ्याकडं गेलं. रातोरात तो सुजून लालबुंद झाला होता, धोतराचा काठ लागलेलाही सोसवत नव्हता. सेलूच्या डॉक्टरांनी बघताक्षणीच गाऊट, म्हणजे सांध्यांचा वात, ओळखला आणि मटण बंद केलं.

सूज उतरल्यावर काकांनी पुन्हा पाय पुढं केले. आम्ही सगळ्यांनी लांबूनच हात जोडले.

“अगं, आता दुखत न्हाई!” काका अजिजीनं म्हणाले.

“असू द्या काका,” मी म्हणाले, “अंगठ्याला जपा.”